नोंदवही उभारली आणि पुसून टाकली : कॅनडातील लांब बंदुकांच्या नोंदणीचे प्रकरण

बंदुकांची सक्तीची नोंदणी असावी की नसावी, हा वाद कोणत्याही देशात निघाला की दाखल्यादाखल कॅनडाचे नाव हमखास येते, आणि दोन्ही बाजू त्याला आपापल्या बाजूने साक्षीला उभे करतात. विरोधक सांगतात की श्रीमंत, शिस्तशीर आणि सरकारवर बऱ्यापैकी भरवसा ठेवणाऱ्या देशालाही हे काम झेपले नाही. अब्जभर डॉलर खर्चून शेवटी नोंदवही बंद करावी लागली. समर्थक सांगतात की अडखळत का होईना, पण चालू लागलेली आणि पोलिसांच्या रोजच्या वापरात आलेली यंत्रणा निव्वळ मतांच्या हिशेबापायी मोडली गेली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच हे प्रकरण मुळापासून पाहण्याजोगे आहे. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. या नोंदवहीने खून थांबवावेत अशी अपेक्षा पहिल्या दिवसापासून ठेवली गेली, आणि ते कोणत्याही नोंदवहीच्या आवाक्यातले काम नाही. प्रत्येक बंदुकीमागे जाब देणारा एक माणूस उभा करणे, हे तिचे खरे, मर्यादित आणि अत्यंत मोलाचे काम होते. ते मात्र लोकांना कधी नीट समजावून सांगितले गेले नाही.

कायद्यापूर्वीची स्थिती

कॅनडात पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांची नोंदणी १९३४ पासून सक्तीची आहे आणि तिच्याविषयी देशव्यापी वादळ असे कधी उठले नाही. रायफल आणि शॉटगन या लांब बंदुकांची गोष्ट निराळी होती. शिकारीवर गुजराण करणारी कुटुंबे, गुरे राखणारे शेतकरी आणि उत्तरेकडील आदिवासी समाज यांच्या घरात लांब बंदूक ही कुऱ्हाडीसारखी कामाची वस्तू होती आणि ती बापाकडून मुलाकडे कोणत्याही कागदाविना जात असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, लांब बंदुकांचीही नोंद सक्तीची झाली होती, पण युद्ध संपत आले तशी ती सोडून देण्यात आली. १९७७ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९७९ पासून बंदूक घेणाऱ्याला आधी खरेदीचे प्रमाणपत्र काढावे लागू लागले. मात्र ते एकदा हाती आले की त्यावर त्याने किती रायफली घेतल्या, याची सरकारला खबर नसे. दुकानदाराच्या खातेवहीत काय ती नोंद राही.

६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक २५ वर्षांचा तरुण रुगर मिनी-१४ जातीची अर्धस्वयंचलित रायफल घेऊन शिरला. एका वर्गात त्याने मुली आणि मुलगे वेगळे केले, स्त्रीवादाविषयीचा आपला द्वेष बोलून दाखवला आणि गोळीबार सुरू केला. त्या संध्याकाळी १४ स्त्रियांचा जीव गेला. त्यांतील १२ अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी होत्या, एक परिचर्येची विद्यार्थिनी आणि एक महाविद्यालयातील कर्मचारी. शेवटी त्याने स्वतःलाही संपवले. रायफल त्याने रीतसर, कायदेशीर मार्गाने विकत घेतलेली होती.

या घटनेतून बचावलेल्या हायडी राथजेन आणि टोरंटोतील प्राध्यापक वेंडी कुकियर यांनी बंदूक नियंत्रणासाठी देशव्यापी मोहीम उभी केली. १९९१ मध्ये किम कॅम्पबेल न्यायमंत्री असताना पहिला कायदा झाला. त्याने अर्जदाराची छाननी कडक केली, खरेदीपूर्वी २८ दिवसांची मुदत घातली आणि मॅगझिनमधील काडतुसांवर मर्यादा आणली. मोहिमेचे त्यावर समाधान झाले नाही. १९९३ मध्ये लिबरल पक्ष सत्तेवर आला आणि न्यायमंत्री अ‍ॅलन रॉक यांनी सी-६८ हे विधेयक आणले. पॉलिटेक्निकच्या घटनेला सहा वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, ५ डिसेंबर १९९५ रोजी, त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

एक अवघड गोष्ट इथेच स्पष्ट केली पाहिजे. १९८९ मध्ये हा कायदा अस्तित्वात असता तर त्या तरुणाने आपल्या रायफलीची नोंद केली असती आणि नोंद केलेल्या रायफलीने तेच केले असते. कडक छाननीत तो कदाचित अडकला असता, पण छाननी हे परवान्याचे काम आहे, नोंदणीचे नाही. समर्थकांनी त्या १४ जणींच्या स्मृतीला स्मरून नोंदणी मागितली. त्यामागची वेदना खरी होती आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण त्यामुळे नोंदणीचे यश मोजण्याची फूटपट्टी पहिल्यापासूनच चुकीची ठरली: पुढे कुठेही गोळीबार झाला की नोंदणी हरली, असे म्हणायला विरोधक मोकळे झाले.

कायद्याने नेमके काय मागितले

सी-६८ ने दोन वेगळी बंधने एकाच वेळी घातली. पहिले परवान्याचे, म्हणजे माणसाचे. बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाला १ जानेवारी २००१ पर्यंत परवाना घेणे आवश्यक झाले. त्यासाठी गुन्हेगारी पार्श्वभूमी, मानसिक आरोग्य आणि घरातील हिंसा यांविषयी प्रश्न विचारले जात. सध्याच्या आणि अलीकडच्या जोडीदाराची सही अर्जावर लागे आणि सही नसेल तर त्या व्यक्तीला सरकारकडून कळवले जाई. दुसरे बंधन नोंदणीचे, म्हणजे वस्तूचे. १ जानेवारी २००३ पर्यंत प्रत्येक रायफल आणि शॉटगन मालकाच्या नावावर चढवणे सक्तीचे झाले, आणि ते न करणे हा फौजदारी गुन्हा ठरला.

कागदावर हे सोपे दिसते. पण सस्कॅचेवान प्रांतातील एखाद्या शेतावरील कपाटात काय असते, ते डोळ्यांपुढे आणले की अडचण कळते. आजोबांची दुनळी, जिच्यावर कारखान्याचे नाव पुसट झाले आहे आणि अनुक्रमांक कधी घातलाच गेला नव्हता. तिच्याशेजारी जुनी लष्करी रायफल, जिच्या नळीवर एक आकडा आहे, बोल्टवर दुसरा आणि दस्त्यावर तिसराच. अर्ज विचारतो: उत्पादक, मॉडेल, प्रकार, कॅलिबर, नळीची लांबी, अनुक्रमांक. मालक आपल्या समजुतीने रकाने भरतो. ज्या बंदुकीला क्रमांकच नाही, तिच्यासाठी केंद्राकडून चिकटपट्टीवर छापलेला एक ओळख क्रमांक टपालाने येतो आणि तो बंदुकीवर चिकटवायचा असतो. तेल पुसलेल्या, बर्फात आणि चिखलात वापरल्या जाणाऱ्या लोखंडावर ती पट्टी किती दिवस टिकणार, हा प्रश्न मालकाच्या मनात येणे स्वाभाविक होते. बंदुकीचे वर्णन बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी पुढे स्वयंसेवी पडताळणीकार नेमावे लागले. एकच बंदूक दोनदा चढली, चुकीचा आकडा चढला, मॉडेलच चुकले, असे प्रकार झाले आणि त्यांतला प्रत्येक गावोगावी चर्चेचा विषय झाला.

खर्चाची कहाणी

प्रकरणाचा कणा मोडला तो इथे. १९९५ मध्ये सरकारने संसदेला सांगितले होते की यंत्रणा उभारायला ११ कोटी ९० लाख डॉलर लागतील, शुल्कापोटी ११ कोटी ७० लाख डॉलर परत येतील, म्हणजे करदात्यावर बोजा पडेल तो अवघा २० लाख डॉलरचा. डिसेंबर २००२ मध्ये महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी अहवाल मांडला. त्यात २००४-०५ पर्यंत हा खर्च १ अब्ज डॉलरच्या वर जाईल आणि शुल्कापोटी साधारण १४ कोटी डॉलर मिळतील, असे निघाले. त्याच आठवड्यात सरकारने यंत्रणेसाठी मागितलेली ७ कोटी २० लाख डॉलरची पुरवणी मागणी संसदेतून मागे घेतली.

एवढी तफावत पडली कशी? कारणे एक नाहीत, आणि त्यांतली बरीचशी टाळता येण्यासारखी होती. प्रांत ही यंत्रणा राबवतील असे गृहीत धरले होते; अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा यांच्यासह अनेक प्रांतांनी अंग काढून घेतले, तेव्हा तेथील काम केंद्राला स्वतः करावे लागले. लोक पुढे यावेत म्हणून शुल्कात सवलती दिल्या, त्यामुळे उत्पन्न घटले. अर्ज मोठ्या संख्येने चुकीचे भरून येत होते आणि प्रत्येक चूक हाताने दुरुस्त करावी लागत होती. संगणकप्रणालीचे काम नियम पक्के होण्याआधीच सुरू झाले. नियम बदलले की प्रणाली बदलायची, असे करता करता बदलांच्या आदेशांची संख्या हजाराच्या घरात गेली.

फ्रेझर यांच्या अहवालाविषयी दोन गोष्टी नेहमी विसरल्या जातात. एक म्हणजे त्यांनी कार्यक्रमाची परिणामकारकता तपासलेलीच नव्हती. बंदुकांची नोंदणी करावी की करू नये, यावर त्यांनी मत दिले नाही. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की वाढत्या खर्चाची माहिती संसदेपासून दूर ठेवली गेली. दुसरी म्हणजे तो अब्ज डॉलरचा आकडा फक्त लांब बंदुकांच्या नोंदवहीचा नव्हता. त्यात परवाने, छाननी आणि बाकी सगळी यंत्रणा धरलेली होती. पुढे २००६ च्या अहवालात मार्च २००५ पर्यंतचा निव्वळ खर्च ९४ कोटी ६० लाख डॉलर दाखवला आहे, तोही सगळ्या कार्यक्रमाचा. परंतु ‘अब्ज डॉलरची नोंदवही’ हे शब्द एकदा लोकांच्या तोंडी बसले ते बसलेच. माझ्या मते सरकारचा सर्वांत मोठा अपराध खर्च वाढल्याचा नाही. मोठ्या सरकारी प्रणालींचा खर्च वाढतो. २० लाख डॉलरचे आश्वासन देऊन नंतर गप्प बसणे हा तो अपराध. ज्या कायद्याने नागरिकाला आपल्या घरातील वस्तूंचा चोख हिशेब द्यायला लावले, त्या कायद्याच्या कर्त्यांनी स्वतःचा हिशेब संसदेला दिला नाही, ही गोष्ट ग्रामीण कॅनडाने कधीच माफ केली नाही.

विरोध कोणाचा आणि कशासाठी

विरोधाला ‘बंदूकवाल्यांचा दबावगट’ म्हणून मोडीत काढणे ही शहरी समर्थकांची सवय होती आणि तिने मोठे नुकसान केले. विरोधात किमान तीन वेगळे धागे होते.

पहिला धागा प्रांतांच्या अधिकाराचा. मालमत्ता आणि नागरी हक्क हा कॅनडाच्या राज्यघटनेत प्रांतांचा विषय आहे, आणि बंदूक ही मालमत्ता आहे, म्हणून ती नोंदवायला लावणे केंद्राच्या अखत्यारीत येत नाही, असा अल्बर्टाचा युक्तिवाद होता. १५ जून २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. बंदूक घातक आहे आणि सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तिच्यावर नियंत्रण ठेवणे हा फौजदारी कायद्याचा विषय आहे, म्हणून संसदेला तो अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. परवाना आणि नोंदणी एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक दुसऱ्यापासून वेगळे काढता येणार नाही, असेही त्या निकालात होते. कायदा उपयोगी ठरेल की नाही, हे मात्र न्यायालयाने संसदेवर सोडले. केंद्र खटला जिंकले, पण जमिनीवर त्याचा फार उपयोग झाला नाही: २००३ च्या मुदतीनंतर अनेक प्रांतांच्या सरकारांनी, केवळ लांब बंदूक नोंदवली नाही म्हणून आपले सरकारी वकील कोणावर खटला भरणार नाहीत, असे जाहीर केले.

दुसरा धागा आदिवासी समाजांचा. त्यांचे शिकारीचे हक्क करारांनी मान्य केलेले आहेत, आणि शिकारीचे साधन बाळगण्यासाठी दूरच्या कचेरीची परवानगी लागणे त्यांना करारभंगासारखे वाटले. नुनावुतमधील इनुइट संघटनेने न्यायालयात जाऊन आपल्या लोकांपुरती तात्पुरती स्थगितीही मिळवली. ज्या वस्तीत अर्ज इंग्रजी वा फ्रेंचमध्ये भरायचा, टपाल विमानाने येते आणि एकच रायफल सगळे घर वापरते, तिथे ‘एक बंदूक, एक मालक’ हे तत्त्वच कसे लागू करायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

तिसरा धागा भीतीचा: आज नोंद, उद्या जप्ती. समर्थकांनी ही भीती नेहमी हसण्यावारी नेली. पुढील घटना पाहता ती निराधार नव्हती.

नोंदवही पोलिसांच्या हाती

२००६ मध्ये यंत्रणा रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांकडे गेली तोवर नोंदवही बऱ्यापैकी स्थिरावली होती. पोलीस दिवसाला दहा हजारांहून अधिक वेळा तिच्यात शोध घेतात, असे समर्थक सांगत; यांतले बरेच शोध कोणताही पत्ता तपासताना आपोआप होतात, असे विरोधक सांगत. दोन्ही खरे होते, म्हणून हा आकडा मी पुरावा मानत नाही.

नोंदवहीचा खरा उपयोग दिसतो तो न्यायालयाच्या आदेशानंतर. पत्नीला मारहाण करणाऱ्या माणसाला न्यायाधीश बंदुका जमा करण्याचा आदेश देतात. पोलीस त्याच्या दारात जातात. नोंदवही नसेल तर त्याने ‘दोनच आहेत’ म्हटले की दोन घेऊन परत यायचे. त्या बाईला माहीत असते की तळघरात तिसरी आहे, पण ती सांगायला धजत नाही, कारण सांगितले कोणी हे त्याला लगेच कळेल. नोंदवही असेल तर पोलिसांच्या हातातील कागदावर तीन अनुक्रमांक असतात आणि तिला तोंड उघडावे लागत नाही. कॅनडात जोडीदाराच्या बंदुकीने मारल्या गेलेल्या स्त्रियांच्या प्रकरणांत वर्षानुवर्षे रायफल आणि शॉटगन यांचाच वापर अधिक होता. स्त्रियांच्या आश्रयगृहांनी या नोंदवहीची शेवटपर्यंत पाठराखण केली ती त्यामुळे. संपूर्ण वादात मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा हाच आहे, आणि संसदेतील भाषणांत तो सर्वांत कमी वेळा नीट मांडला गेला.

दुसरा उपयोग माग काढण्याचा. ३ मार्च २००५ रोजी अल्बर्टातील मेयरथॉर्पजवळ एका माणसाने चार पोलीस शिपायांना ठार केले. नोंदणी असूनही हे घडले, असे विरोधक म्हणाले, आणि ते बरोबरच होते. असा माणूस आपली शस्त्रे नोंदवायला जात नाही. पण त्याच्याजवळ सापडलेल्या शस्त्रांपैकी एक रायफल दुसऱ्याच्या नावावर नोंदलेली होती, आणि तिच्यावरून त्याला मदत करणाऱ्या दोघांपर्यंत पोहोचायला तपासाला हात मिळाला. ते दोघे पुढे सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात शिक्षेस पात्र ठरले. याउलट १३ सप्टेंबर २००६ रोजी माँट्रियलच्या डॉसन महाविद्यालयात एका विद्यार्थिनीचा जीव घेणाऱ्याची शस्त्रे रीतसर नोंदलेली होती. एका प्रकरणात नोंदणीने काही साधले, दुसऱ्यात काहीच नाही. आणि दोन्हींत गोळी सुटण्याआधी ती काही करू शकली नाही.

आकडेवारीही याहून स्पष्ट उत्तर देत नाही. कॅनडात बंदुकीने होणाऱ्या खुनांचा दर सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच उतरत होता, नोंदणीच्या खूप आधीपासून. काही अभ्यासकांना कायद्याचा वेगळा परिणाम सापडला नाही; काहींना लांब बंदुकांच्या बाबतीत घट दिसली. बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश तिथे आत्महत्या असतात, आणि त्यांवर परवान्याच्या छाननीचा परिणाम किती, नोंदणीचा किती, हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य आहे. नोंदवही रद्द झाल्यानंतरच्या वर्षी, २०१३ मध्ये, बंदुकीने झालेल्या खुनांचा दर अनेक दशकांतील नीचांकावर होता. २०१४ पासून तो चढू लागला, पण ती वाढ मुख्यतः शहरांतील टोळ्यांच्या पिस्तुलांची होती, आणि पिस्तुले तर १९३४ पासून नोंदणीखालीच आहेत. यातून कोणत्याही बाजूला विजय घोषित करता येत नाही, आणि जो करतो त्याने आकडे अर्धेच वाचले आहेत.

मोडणी

२००६ मध्ये स्टीफन हार्पर यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आले. अल्पमतात असल्याने कायदा रद्द करणे त्याला जमेना. म्हणून लांब बंदुका न नोंदवणाऱ्यांना अभय देण्यात आले आणि ते वर्षानुवर्षे वाढवत नेले. नोंदवही कायद्यात होती, पण तिची सक्ती उरली नव्हती, आणि त्यामुळे तिच्यातील माहितीही शिळी होत गेली. अपुरी नोंदवही निरुपयोगी आहे, असा पुढे जो आरोप झाला, त्यातील अपुरेपणाचा काही भाग तरी या अभयातून आलेला होता.

मॅनिटोबाच्या खासदार कॅन्डिस हेपनर यांचे अशासकीय विधेयक २२ सप्टेंबर २०१० रोजी १५३ विरुद्ध १५१ अशा दोन मतांनी पडले. पोलीस प्रमुखांच्या देशव्यापी संघटनेने नोंदवहीच्या बाजूने उघड भूमिका घेतली होती. लिबरल पक्षाने पक्षादेश काढला होता, आणि न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते जॅक लेटन यांनी आपल्या ग्रामीण खासदारांतील पुरेशांना वळवले होते. मे २०११ मध्ये हार्पर यांना बहुमत मिळाले, आणि सी-१९ हे विधेयक ५ एप्रिल २०१२ रोजी कायदा झाले.

नोंदणी थांबवणे हा लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा हक्क होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कलम २९ बद्दल, ज्याने जमा झालेली माहितीही नष्ट करण्याचा आदेश दिला. सुमारे ७१ लाख लांब बंदुकांच्या नोंदी होत्या. क्विबेकने आपल्या प्रांतापुरत्या त्या मागितल्या. लोकांच्या पैशातून जमवलेली, प्रांताच्या पोलिसांना हवी असलेली माहिती देण्याऐवजी केंद्राने ती पुसण्याचा आग्रह धरला. क्विबेक वगळता सगळ्या नोंदी २०१२ च्या अखेरीपूर्वीच नष्ट झाल्या. क्विबेकचा दावा २७ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी फेटाळला, आणि क्विबेकमधून आलेले तिन्ही न्यायाधीश विरोधी मतात होते. शेवटी क्विबेकने २०१६ मध्ये स्वतःचा कायदा केला, तो २०१८ पासून लागू झाला, आणि २९ जानेवारी २०१९ ची मुदत उलटली तेव्हा प्रांतातील बहुतांश बंदुका नोंदायच्याच होत्या. एकदा पुसलेल्या नोंदींसाठी लोकांना पुन्हा दारात बोलावणे किती कठीण असते, हे तिथे दिसले.

सी-१९ ने आणखी एक गोष्ट केली जिच्याकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. खासगी व्यवहारात समोरच्याचा परवाना तपासण्याची सक्ती गेली. त्याच्याकडे परवाना नसावा असे मानायला कारण दिसत नसले, की पुरे. त्याच वर्षीच्या नियमांनी दुकानदाराकडे वही मागण्याची सोयही बंद केली, जी वही नोंदणीपूर्वीच्या काळातही ठेवली जात होती. म्हणजे नोंदणी रद्द करताना देश १९९५ च्या आधीच्या जागी परतला नाही, त्याच्याही मागे गेला.

त्यानंतर

एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कोशियात एका माणसाने दोन दिवसांत २२ जणांचे जीव घेतले. त्याच्याकडे परवाना नव्हता आणि बहुतेक शस्त्रे अमेरिकेतून चोरून आणलेली होती. कोणतीही नोंदवही त्याला अडवू शकली नसती. १ मे २०२० रोजी केंद्राने सुमारे १,५०० प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. त्यात रुगर मिनी-१४ होती. पॉलिटेक्निकनंतर ३० वर्षे ती रायफल बिगरनिर्बंधित वर्गातच, म्हणजे साध्या परवान्यावर मिळणाऱ्या बंदुकांत, राहिली होती.

आणि इथे दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच वेळी खरे ठरले. एआर-१५ सारख्या अर्धस्वयंचलित रायफली आधीपासून निर्बंधित वर्गात होत्या, आणि या वर्गाची नोंदणी २०१२ नंतरही चालू राहिल्याने त्यांच्या मालकांची यादी सरकारकडे होती. त्यांना पत्रे गेली. ‘आज नोंद, उद्या जप्ती’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा सिद्ध झाला, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मिनी-१४ सारख्या बिगरनिर्बंधित बंदुका मात्र कोणाकडे आहेत, याची सरकारकडे यादीच नव्हती, कारण ती त्याच सरकारयंत्रणेने आठ वर्षांपूर्वी नष्ट केली होती. मालकांनी बंदुका परत कराव्यात म्हणून दिलेली अभयाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.

माझा निष्कर्ष यावरून असा की नोंदणीच्या कायद्यात जप्तीविरुद्धची हमी सुरुवातीपासूनच लिहिलेली हवी होती: नोंदवलेली वस्तू पुढे प्रतिबंधित झाली तर कोणती भरपाई, किती मुदत आणि कोणासमोर दाद, हे तीन प्रश्न १९९५ मध्येच सुटले असते, तर शेतकऱ्याला नोंद करताना एवढी धास्ती वाटली नसती. तसेच परवाना आधी पूर्ण बसवून नोंदणी पुढे विक्रीच्या वेळी, हस्तांतरागणिक चढवत नेली असती, तर कपाटातील जुन्या दुनळ्यांच्या चिकटपट्ट्यांवर पहिल्या पाच वर्षांची शक्ती खर्ची पडली नसती. नोंदवही भरायला एक पिढी लागली असती, पण ती टिकली असती.

२०१९ च्या सी-७१ या कायद्याने काही तुटलेले धागे जोडले, आणि त्यांची अंमलबजावणी १८ मे २०२२ पासून सुरू झाली. दुकानदाराने बिगरनिर्बंधित बंदुकीच्या विक्रीची नोंद २० वर्षे ठेवायची, आणि कोणत्याही हस्तांतरापूर्वी विकणाऱ्याने घेणाऱ्याचा परवाना केंद्राकडून तपासून संदर्भ क्रमांक घ्यायचा. हा क्रमांक सांगतो की अमुक दिवशी अमुक परवानाधारकाला काहीतरी विकले गेले. कोणती बंदूक विकली, हे तो सांगत नाही. दुकानातून निघालेली रायफल पहिल्या मालकापर्यंत कागदावर दिसते. त्याने ती शेजाऱ्याला विकली, शेजाऱ्याने पुतण्याला दिली, की क्विबेक सोडून उरलेल्या कॅनडात तिचा अनुक्रमांक कोणत्याही सरकारी दप्तरात नसतो. आणि त्या पुतण्याविरुद्ध उद्या न्यायालयाने शस्त्रे जमा करण्याचा आदेश दिला, तर दारात गेलेल्या पोलिसाला आजही त्याच्याच तोंडच्या आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो.